डाव्या हातालाही न कळणारे दान

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला राखेच्या बुधवारी प्रारंभ होतो. त्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये भाविकांच्या कपाळावर राख लावली जाते आणि मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील उतारा वाचला जातो. दान, प्रार्थना आणि उपवास ही तिन्ही धर्मकृत्ये लोकांच्या नजरेत भरावीत म्हणून करू नयेत, असे येशूने त्यात बजावले आहे. कपाळावरची सर्वांना दिसणारी राख आणि त्याच वेळी कानावर पडणारा हा उपदेश, यांतील विसंगती अनेक धर्मोपदेशकांनी प्रवचनातून बोलून दाखवली आहे.

या तिन्हींत दानाचा क्रम पहिला. उजवा हात काय देतो हे डाव्या हातालाही कळू नये, हा त्यातील दृष्टान्त मराठीतही म्हणीसारखा रुळला आहे. मात्र त्याचा अर्थ 'गुप्तदान' या आपल्या परिचित शब्दाच्या थोडा पुढे जातो. शेजाऱ्यापासून दान लपवणे तुलनेने सोपे असते. डावा हात तर स्वतःचाच आहे. म्हणजे दिल्याचे समाधान मनात घोळवत बसणे, आपण किती उदार आहोत याचा हिशेब ठेवणे, हेही येशूच्या दृष्टीने टाळण्यासारखे आहे.

मूळ ग्रीक शब्द पाहिले तर या उपदेशाची धार अधिक जाणवते. दिखाऊ दात्यांसाठी योजलेला, 'ढोंगी' असे भाषांतर होणारा शब्द रंगभूमीवरील नटासाठी वापरला जात असे. टाळ्या हेच नटाचे मानधन. अशा दात्यांना त्यांचे फळ मिळून चुकले, असे सांगताना आलेले क्रियापद त्या काळच्या व्यवहारातील पावत्यांवरही आढळते. 'रक्कम भरून पावली' असा त्याचा अर्थ. व्यवहार तिथेच मिटला, पुढे काही येणे उरले नाही.

ही शिकवण येशूने ज्यू परंपरेबाहेर जाऊन दिली, असे मानण्याचे कारण नाही. इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मग्रंथात जेरुसलेमच्या मंदिरातील एका गुप्त दालनाचा उल्लेख आहे. पापभीरू माणसे तिथे गुपचूप दान ठेवीत आणि चांगल्या घरातील, पण विपन्नावस्थेत सापडलेली माणसे तितक्याच गुपचूपपणे तिथून निर्वाह चालवीत. या व्यवस्थेत देणाऱ्याच्या अहंकाराइतकाच घेणाऱ्याच्या लाजेचाही विचार झालेला दिसतो. दानाविषयीच्या चर्चेत ही दुसरी बाजू फार वेळा विसरली जाते. वह्या-पुस्तके वाटताना विद्यार्थ्यांना रांगेत उभे करून छायाचित्र काढले जाते, तेव्हा त्या मुलांना काय वाटत असेल?

चौथ्या शतकातील मायरा (आजच्या तुर्कस्तानातील डेमरे) येथील बिशप संत निकोलस यांची कथा नेमकी इथे उपयोगी पडते. तिचा तपशील इतिहासाच्या कसोटीवर सिद्ध करता येत नाही. परंतु ख्रिस्ती समाजाने गुप्तदानाचा आदर्श म्हणून ती शतकानुशतके जपली आहे. हुंड्याअभावी तीन मुलींचे आयुष्य उद्ध्वस्त होण्याची वेळ आली असता निकोलस यांनी रात्री खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. एकेका मुलीसाठी असे तीनदा घडले. अखेर दबा धरून बसलेल्या पित्याने त्यांना गाठले, तेव्हा हे कुणाला सांगू नकोस, एवढेच त्यांनी मागितले. पुढे या संताचाच भेटवस्तू वाटणारा सांताक्लॉज झाला आणि बाजारपेठांतील रोषणाईत झळकू लागला, हा काळाचा विनोद म्हणायचा.

अर्थात, प्रश्न इतका सरळ नाही. त्याच डोंगरावरील प्रवचनात, एकच अध्याय आधी, तुमची सत्कृत्ये पाहून लोकांनी देवाचा गौरव करावा, असेही येशूने सांगितले आहे. दोन्हींचा मेळ हेतूत आहे, असे भाष्यकार म्हणतात: गौरव कुणाचा होतो, हे पाहायचे. प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबाने शेत विकून पैसे उघडपणे प्रेषितांच्या चरणी ठेवले, त्याला दोष दिलेला नाही. लगेच येणाऱ्या कथेत हनन्या आणि सप्पीरा या दांपत्याने मात्र काही रक्कम मागे ठेवून सर्वस्व दिल्याचा आव आणला. पैसा त्यांचाच होता, मागे ठेवण्याची मुभाही होती. अपराध होता तो देखाव्याचा.

हा पेच आधुनिक काळातही सुटलेला नाही. न्यू जर्सीतील आयरिश-अमेरिकन कॅथलिक कुटुंबात वाढलेले उद्योजक चक फीनी यांनी 1982मध्ये एक दाननिधी स्थापन केला आणि 1984मध्ये आपली जवळजवळ सारी संपत्ती गुपचूप त्याच्या नावे केली. देणगी कुठून आली हे उघड करायचे नाही, ही लाभार्थी संस्थांना अट असे. 1997मध्ये व्यवसायाच्या विक्रीमुळे हे गुपित फुटले. पुढे इतर धनिकांनीही हयातीतच द्यावे, या आग्रहासाठी फीनी यांनी स्वतः मौन सोडले. आठ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटून 2020मध्ये निधी बंद झाला. 2023मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या आईविषयीची एक आठवण मात्र या आकड्यांहून बोलकी आहे. आजारी शेजारी बसथांब्याकडे चालत निघालेला दिसला, की ती काहीतरी काम असल्याचे भासवून मोटार बाहेर काढी आणि सहज वाटेत भेटल्यासारखी त्याला सोडून येई.

चर्चच्या नित्य व्यवहारात या शिकवणीला रोजचे रूप आले आहे. फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या मित्रांनी 1833मध्ये पॅरिसमध्ये स्थापन केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या शाखा मुंबईतील अनेक धर्मग्रामांतही आहेत. सदस्य गरजूंच्या घरी जाऊन भेटतात आणि त्यांची नावे बाहेर सांगत नाहीत. सभेत एक थैली फिरते. प्रत्येक जण मूठ आत घालून बाहेर काढतो. कुणी किती टाकले, कुणी काहीच टाकले नाही, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही.