तोंडातली कातडी डोळ्याला

“सावता, जपानमध्ये तोंडातली कातडी काढून डोळ्याला लावतात, खरं का?” माझ्या नातवाने विचारलं. खरं आहे बाळा. पण हे सांगायला बसले की मला मुंबईतला आमचा वॉर्ड आठवतो.

१९७० नंतरची गोष्ट. घराला सफेती करायची म्हणून पिंपात कळीचा चुना विरवत होते, तो उसळून एका पोराच्या दोन्ही डोळ्यांत गेला. चौदा-पंधरा वर्षांचा असेल. घरच्यांनी पाण्याने धुवायचं सोडून तूप घातलं. ॲसिड बहुतेक वरच्यावर भाजतं, चुना मात्र आत आत शिरत जातो. जखम भरली, पण दोन्ही डोळ्यांत पांढरं फूल पडलं. नेत्रदानाचं बुबुळ बसवलं, तेही काही महिन्यांत गढूळ झालं. आम्ही नर्सेस हळहळलो, दुसरं काय करणार?

त्याचं कारण आता कळलंय. डोळ्याचा काळा भाग आणि पांढरा भाग जिथे मिळतात, त्या गोल कडेवर बीजपेशी असतात. बुबुळावरची पातळ कातडी सारखी झिजते आणि या पेशी ती पुन्हा बनवतात. ती कडच जळाली तर पांढऱ्या भागाची कातडी रक्तवाहिन्या घेऊन बुबुळावर चढते. वर नवीन बुबुळ लावलं तरी तेच होतं.

एकच डोळा भाजला असेल तर चांगल्या डोळ्याच्या कडेचा कणभर तुकडा घेऊन वाढवता येतो. जपानने त्याला २०२० मध्ये मंजुरी दिली. पण दोन्ही डोळे गेले तर बियाणं आणायचं कुठून? क्योतोचे डॉ. किनोशिता आणि ओसाकाचे डॉ. निशिदा यांच्या पथकांनी ते गालाच्या आत शोधलं. गाल चावला तर दोन दिवसांत भरतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय ना!

निशिदांचा अहवाल २००४ चा. गालातून तीन मिलिमीटरचा तुकडा घेतला आणि टोकियोच्या डॉ. ओकानोंनी शोधलेल्या बशीत त्याच्या पेशी वाढवल्या. ही बशी मोठी गमतीची. ३७ डिग्रीला पेशी तिला चिकटून असतात, थंड केली की सगळा पापुद्रा अख्खा सुटतो, चाकू लागत नाही. बुबुळावर चढलेली कातडी सोलून तिथे हा पापुद्रा ठेवायचा, टाकासुद्धा नको. पेशी स्वतःच्याच, म्हणून शरीर त्या झिडकारत नाही. चार पेशंट होते, चौघांनाही आधीपेक्षा चांगलं दिसू लागलं. त्यांचे डोळे आजाराने बिघडले होते, पण क्योतोत भाजलेल्या डोळ्यांवरही हा इलाज झाला. २०२१ मध्ये जपानने त्यालाही मंजुरी दिली.

डोळा पहिल्यासारखा होतो असं मात्र समजू नका. तोंडाची कातडी कडेने थोड्या रक्तवाहिन्या ओढतेच, आणि फूल खोलवर असेल तर नंतर बुबुळही बदलावं लागतं.

आणि मुलांनो, डोळ्यात चुना किंवा साफसफाईचं औषध उडालं तर लगेच नळाखाली जा. पापण्या उघड्या धरून अर्धा तास धुवा, मग दवाखाना. दूध नको, मध नको, तूप तर नकोच नको.