लहरींचा लिलाव

मोबाइलवर इंटरनेट केव्हा आले, असे वर्गात विचारले तर मुले आपल्या घरी स्मार्टफोन आला ते साल सांगतात. इतिहास शिकविणाऱ्या आम्हांला मात्र १ ऑक्टोबर २००१ ही तारीख त्यांच्यापुढे ठेवावीशी वाटते. त्या दिवशी एनटीटी डोकोमो या जपानी कंपनीने टोकियो परिसरात ‘फोमा’ ही सेवा सुरू केली. तिसऱ्या पिढीचे, म्हणजे थ्रीजीचे, जगातील पहिले व्यापारी जाळे ते हेच, असे सामान्यतः मानले जाते.

आधीची जाळी प्रामुख्याने आवाजासाठी बांधलेली होती. त्यांवर माहिती पाठविण्याचा मूळ वेग सेकंदाला ९.६ किलोबिट, एक मेगाबाइटचे छायाचित्र यायला सुमारे चौदा मिनिटे लागावीत. फोमाचा कमाल वेग ३८४ किलोबिट, म्हणजे तेच काम वीस-बावीस सेकंदांचे. हे साधले कसे? जुन्या पद्धतीत लहरींचे अरुंद पट्टे पाडून प्रत्येकाला क्षणभराची पाळी मिळे. नव्या पद्धतीत सारेजण ५ मेगाहर्ट्झचा एकच रुंद पट्टा एकाच वेळी वापरू लागले. वेगळा राहिला तो प्रत्येकाचा संकेत. भोजनगृहात अनेक भाषांचा गलका असला तरी आपल्या भाषेतील हाक आपल्याला कळते, तसेच हे. मात्र एकजण ओरडू लागला की इतरांचे ऐकू येणे बंद होते. म्हणून प्रत्येक फोनचा ‘आवाज’ सेकंदाला १५०० वेळा कमी-जास्त केला जाई.

युरोपात तंत्रापेक्षा पैशानेच अधिक गोंधळ घातला. एप्रिल २००० मध्ये ब्रिटनने पाच परवाने लिलावात सुमारे २,२४७ कोटी पौंडांना विकले. ऑगस्टमध्ये जर्मनीला सहा परवान्यांचे सुमारे ५,००० कोटी युरो मिळाले. फोन अजून बाजारात यायचे होते! पुढे कंपन्या कर्जात रुतल्या आणि जर्मनीतील सहापैकी दोघींनी आपले थ्रीजी जाळे कधी चालविलेच नाही. फिनलंडने मात्र १९९९ मध्येच गुणवत्ता पाहून परवाने विनामूल्य दिले होते.

आपल्याकडे या लहरींच्या मालकीचा प्रश्न आधीच निकाली निघाला होता. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरविली. हा निकाल आम्हांला कोणत्याही यंत्राहून महत्त्वाचा वाटतो. कारण मालमत्ता जनतेची म्हटली की तिचे मोल आणि वाटप दोन्ही विचारता येतात. मोल भरपूर आले : २०१० च्या लिलावात १८३ फेऱ्यांनंतर सरकारला सुमारे ६७,७१९ कोटी रुपये मिळाले. वाटपाचे सांगायचे तर देशातील सर्व २२ परिमंडळे एकाही खासगी कंपनीच्या हाती आली नाहीत, आणि सेवा आधी शहरांत पोहोचली. लिलाव सुरू होण्यापूर्वीच, १४ डिसेंबर २००९ रोजी, स्टॉकहोम व ऑस्लो येथे चौथी पिढी अवतरली होती.

त्या वर्षी आमच्या वसतिगृहात पालकांचे फोन रविवारी, कार्यालयातील एकाच दूरध्वनीवर येत, आणि मुले व्हरांड्यात रांग लावून उभी असत.