लकवा, मूळपेशी आणि साडेचार तास
मूळपेशी टोचल्या की लकव्याने गेलेला हात परत चालू लागतो, हा दावा आजच्या पुराव्यावर टिकत नाही, आणि तो पडताळायला परदेशाकडे बघण्याचीही गरज नाही. आपल्याच देशातल्या पाच केंद्रांवर १२० रुग्णांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झटका आलेले हे रुग्ण होते. एका गटाला त्यांच्याच अस्थिमज्जेतून काढलेल्या सुमारे २८ कोटी पेशी शिरेतून दिल्या, दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. जेवण, आंघोळ, चालणं स्वतःचं स्वतः किती जमतं, याला शंभरपैकी गुण देतात. सहा महिन्यांनी पेशी घेतलेल्यांची सरासरी ६३.१ आली, न घेतलेल्यांची ६३.६. उपचार सुरक्षित ठरला, पण उपयोगी नाही. जपानमध्ये २०६ रुग्णांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दात्याच्या पेशी पहिल्या दीड दिवसात देऊनही तीन महिन्यांनी अपेक्षित फरक दिसला नाही.

‘पण अमका तर पेशी घेऊन उठून बसला’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात. लकव्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेंदू बराच सावरतो, आणि त्याच काळात घेतलेल्या प्रत्येक उपचाराला त्याचं श्रेय मिळतं. म्हणून तर तुलनेला दुसरा गट लागतो. अपाय नाही तर करून बघायला काय हरकत, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. पण देखरेखीखालच्या चाचणीतली सुरक्षितता कुठल्याही दवाखान्याला आपोआप लागू होत नाही. आणि कपाशी-सोयाबीनवर चालणाऱ्या घराने त्यासाठी वावर गहाण टाकलं, तर तो अपायच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर मूळपेशी मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात.

ज्याचा पुरावा पक्का आहे ते औषध मात्र वेळेला बांधलेलं आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही आधी सीटी स्कॅन करून, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक. (झोपेत लकवा मारला असेल तर माणूस शेवटचा धडधाकट दिसला ती वेळ धरतात.) आता धारणीचा रुग्ण घ्या: मेळघाटचे घाट उतरून अमरावतीला पोचेपर्यंतच यातला मोठा वाटा संपतो. दुसरीकडे, अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग टाकून विक्रम झाला; तो रस्ता मिनिटं वाचवतो, पण तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली तरी घरचे ‘जरा पडून राहा’ म्हणत राहिले तर वाचलेली मिनिटं वाया जातात. वऱ्हाडाचा पैसा आणि आग्रह मला इथे हवा आहे: १०८ ला लगेच फोन, आणि तालुक्याच्या जवळ रात्रीही चालणारं सीटी.

वेळ टळून गेलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी नियमित फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार आहेत. संथ, कंटाळवाणे, पण कामाचे. मूळपेशींवरचं संशोधनही त्यांच्यासाठीच चालू राहायला हवं. शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी फुप्फुसातच अडकतात, मग त्या कधी, कुठून आणि कोणाला द्यायच्या, हे शोधणं बाकी आहे. अशा चाचणीत कोणी बोलावलं तर सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा, आणि पेशींसाठी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.