ॲल्युमिनियमच्या वाटीचें हवाबंद झांकण



आगगाडीच्या प्रवासांत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या ज्या चौकोनी वाटींतून भात किंवा भाजी आपल्या हातीं येते, ती आपण पाहिलेली आहे. तिच्यावर पुठ्ठ्याचें झांकण असतें आणि वाटीची कड त्या झांकणावर चोहोंकडून दुमडलेली असते. उलट, बाजारांतील दह्याच्या किंवा श्रीखंडाच्या पेल्यावर चकचकीत वर्खाचें झांकण असतें. त्याची लहानशी जीभ धरून ओढली म्हणजे तें चर्रकन् निघून येतें. पहिलें झांकण दुमडून बसविलेलें आहे, दुसरें उष्णतेनें चिकटविलेलें आहे. पहिलें केवळ झांकतें. दुसरें बंद करतें. मुंबईच्या जुन्या रहिवाशांस आरेच्या दुधाच्या कांचेच्या बाटल्या आठवत असतील. आरेची दुग्धवसाहत १९४९ साली स्थापन झाली. त्या बाटल्यांचीं टोपणेंहि ॲल्युमिनियमचींच होतीं. परंतु तीं दाबून बसविलेलीं असत, चिकटविलेलीं नव्हेत.

झांकणें आणि बंद करणें यांतील हा भेद आज घरोघरीं समजणें अवश्य झालें आहे. आमच्या मोहाडीकडे काय किंवा महाराष्ट्रांत अन्यत्र काय, बचतगटांतील भगिनी घरगुती पदार्थ अशा वाट्यांत भरून विकूं लागल्या आहेत. परगांवीं शिकणाऱ्या मुलांकरितां आयाहि असे डबे पाठवितात. झांकण चिकटविण्याचीं हातयंत्रें विकत मिळतात. "झांकण हवाबंद झालें, आतां पदार्थ महिनाभर टिकेल," असें सहज म्हटलें जातें. ही समजूत अर्धी खरी आहे. आणि जो अर्धा भाग खोटा आहे तो जिवावर बेतण्याजोगा आहे.

प्रथम झांकण चिकटतें तें कशानें, हें पाहूं. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतें. तेवढी उष्णता दिली तर आंतील भाताचा कोळसा होईल. तेव्हां पत्र्याला पत्रा चिकटत नाहीं हें उघड आहे. चिकटतो तो पत्र्यावर दिलेला अत्यंत पातळ असा दुसराच एक थर.

हा थर समजण्यास आपल्या जिल्ह्यांतील दोन जुन्या वस्तु पुरेशा आहेत. पहिली वस्तु कल्हई. भंडारा शहर पितळी भांड्यांकरितां प्रसिद्ध आहे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत ताक ठेवलें तर तें कळकतें, हें आपल्या आजीस ठाऊक होतें. ॲल्युमिनियमसहि चिंच, टोमॅटो, ताक यांचा आंबटपणा मानवत नाहीं. तो धातूला खातो व पुढें बारीक छिद्रें पाडतो. म्हणून चांगल्या वाटीस व तिच्या झांकणास आंतून रोगणाचा किंवा प्लॅस्टिकचा थर दिलेला असतो. ती त्यांची कल्हईच होय.

दुसरी वस्तु लाख. आपल्या रानांतील पळसावर व बोरीवर लाखेचा किडा वसतो. लाख तापली कीं वितळते व निवाली कीं घट्ट होते. या गुणामुळेंच पूर्वीं महत्त्वाच्या पत्रावर लाखेची मोहोर करीत आणि अशा पत्रास लाखोटा म्हणत. वाटीच्या कडेवरील थर व झांकणाखालील थर हे लाखेप्रमाणेंच वागतात. वरून तापलेला सांचा दाबला कीं उष्णता वर्खांतून तत्काळ खालीं उतरते, दोन्ही थर वितळून एकजीव होतात आणि निवाल्यावर त्यांमध्यें सांधा उरत नाहीं. मात्र दोन्ही थर एकाच जातीचे किंवा परस्परांशीं जुळणारे असले पाहिजेत. एका दुकानांतील वाटी आणि दुसऱ्या दुकानांतील झांकण आणून जोडल्यास तें चिकटल्यासारखें दिसतें आणि प्रवासांत सुटतें, याचें कारण बहुधा हेंच.

चिकटविण्याच्या कामांत उष्णता, दाब आणि वेळ या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. यंत्राचा सांचा सामान्यतः दोनशें अंशांच्या आसपास तापलेला असतो व तो एक-दोन सेकंदच टेकतो. उष्णता कमी पडली तर थर नुसता मऊ होतो. अधिक झाली तर तो पातळ होऊन कडेबाहेर पिळून निघतो आणि सांधा उपाशी राहतो. दाब सर्व बाजूंनीं सारखा नसेल तर तीन बाजू पक्क्या आणि चौथी कच्ची, असा प्रकार होतो.

परंतु खरी कसोटी वाटीच्या कडेची आहे. स्वस्त वाट्यांच्या भिंतींवर व कोपऱ्यांवर चुण्या असतात, कारण सपाट पत्रा दाबून खोल करतांना तो कोठें तरी गोळा होणारच. दुमडण्याच्या झांकणास या चुण्या बाधत नाहींत. चिकटविण्याच्या झांकणास मात्र प्रत्येक चुणी म्हणजे एक नळी होय. जंतु साधारणतः मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. डोक्याच्या केसाची जाडी त्याच्या पन्नास पटींहून अधिक भरते. म्हणजे जी फट आपणांस दिसत नाहीं ती त्याला राजमार्गासारखी आहे. म्हणून हवाबंद झांकणाची वाटी गुळगुळीत भिंतींची, गोलावलेल्या कोपऱ्यांची आणि कांहीं मिलिमीटर रुंदीच्या सपाट कडेची घ्यावी. भरतांना त्या कडेवर भाताचें शीत, रश्श्याचा थेंब किंवा तेलाचा ओघळ राहूं देऊं नये. उत्तम यंत्रहि तेलकट कडेपुढें हार खातें.

येथें झांकण घडविणाऱ्यापुढें एक मोठा पेंच उभा राहतो. झांकण इतकें घट्ट हवें कीं मालमोटारींत आदळआपट झाली तरी सुटूं नये; आणि इतकें सैल हवें कीं म्हाताऱ्या माणसाच्या बोटांनींहि सोलतां यावें. यावर तोड म्हणून थराच्या घटकांत असें मिश्रण करतात कीं आडवा ताण तो पुष्कळ सहन करतो, परंतु एका टोकाकडून सोलूं लागल्यावर स्वतःच्याच जाडींत दुभंगतो. झांकण काढल्यावर कडेवर जी पांढुरकी रेघ दिसते ती या दुभंगण्याची खूण होय. ती रेघ सलग असेल तर सांधा सर्वत्र नीट जुळला होता असें समजावें.

आतां त्या खोट्या अर्ध्याकडे वळूं. समजा, झांकण अगदीं निर्दोष बसलें. त्यानें बाहेरचा जंतु आंत जाणार नाहीं, हें खरें. पण आंत आधींच असलेल्याचें काय? फ्रान्समधील निकोला आपेर या मिठाईवाल्यानें पदार्थ कांचेच्या बाटल्यांत भरून, बुचें घट्ट बसवून, त्या बाटल्या पाण्यांत दीर्घकाळ उकळल्या आणि पदार्थ टिकवून दाखविले. १८१० साली त्याला सरकारकडून बारा हजार फ्रँकांचें पारितोषिक मिळालें. पदार्थ कां टिकतात हें त्याला सांगतां येत नव्हतें; तें पुढें १८६० नंतर लुई पाश्चरच्या प्रयोगांनीं स्पष्ट झालें. आपेरनें बाटली आधीं बंद केली व मग उकळली, हा क्रम ध्यानांत ठेवावा. टिकवण्याचें काम उष्णतेचें. झांकणाचें काम तें टिकवलेपण राखण्याचें.

आणि साधी उकळीहि सर्वत्र पुरत नाहीं. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नांवाचा एक जंतु मातींत असतो. त्याचे बीजाणु उकळत्या पाण्यांत मरत नाहींत. त्याला वाढावयास प्राणवायु नको असतो. उलट, प्राणवायु नसेल तेथेंच तो फोफावतो आणि असें विष तयार करतो कीं त्यानें श्वासाचे स्नायुसुद्धां लुळे पडतात. आंबट नसलेला, ओलसर, शिजलेला पदार्थ हवाबंद करून उबदार जागीं ठेवणें म्हणजे या जंतूस घर बांधून देणेंच होय. वरण, भात, पातोडीचा रस्सा हे सर्व या वर्गांतले.

यासाठीं कारखान्यांत वाटी बंद केल्यानंतर ती दाबाखालील वाफेंत किंवा पाण्यांत १२१ अंशांपर्यंत तापवितात, आणि पदार्थाच्या अगदीं मधला भाग त्या उष्णतेंत सुमारें तीन मिनिटें राहील असा हिशेब करतात. झांकणाचा थर निवडण्याचें मर्म येथें उमगतें. साधें पॉलिएथिलीन याच सुमारास मऊ पडूं लागतें. पॉलिप्रॉपिलीन सुमारें १६० अंशांवर वितळतें, म्हणून अशा झांकणास तेंच लावतात. शिवाय तापलेल्या वाटींतील हवा व वाफ झांकणास आंतून ढकलतात, तेव्हां तें उडूं नये म्हणून भट्टींत बाहेरूनहि तोलाचा दाब ठेवावा लागतो. म्हैसूर येथें १९६१ साली स्थापन झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनें सैनिकांकरितां वर्खाच्या पिशव्यांतून शिजलेलें अन्न टिकविलें तें याच तत्त्वावर. घरच्या कुकरांत हा तोल साधत नाहीं आणि मधल्या भागाची उष्णताहि कळत नाहीं. म्हणून तो खटाटोप कोणीं करूं नये.

मग हातयंत्र निरुपयोगी आहे काय? मुळींच नाहीं. चिवडा, शेव, चकली हे कोरडे पदार्थ त्यानें खुशाल बंद करावेत. त्यांत जंतूस पाणीच मिळत नाहीं आणि झांकण दमटपणास अटकाव करतें. मीठ, आंबटपणा व तेल पुरेसें असलेलीं लोणचींहि चालतील. दहीं, श्रीखंड यांना आंबटपणाचें संरक्षण असतें, तरी तीं थंड ठेवावींत. शिजलेलें ओलें अन्न मात्र, झांकण कसेंहि बसलेलें असो, शीतपेटींत ठेवावें व दोन-तीन दिवसांत संपवावें.

झांकणाची परीक्षा घरीं करण्याचे दोन सोपे उपाय सांगतों. रिकामी वाटी बंद करून गरम पाण्यांत बुडवून धरावी; आंतील हवा फुगते आणि सांधा कच्चा असेल तेथून बुडबुड्यांची माळ निघते. किंवा वाटींत शाईचें पाणी, साबणाचे दोन थेंब घालून, भरावें, झांकण लावावें आणि वाटी टिपकागदावर उपडी ठेवावी. तासाभरानें जेथें डाग उमटेल तेथें फट आहे. शंभर वाट्या भरण्यापूर्वीं पांच वाट्यांची अशी परीक्षा घेतल्यास पुढील नुकसान वांचेल.

आणि शेवटीं एक नियम स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे. शिजलेल्या अन्नाच्या वाटीचें झांकण फुगलें असेल तर आंतील पदार्थ चाखूनहि पाहूं नये; तो मुलांच्या व जनावरांच्या तोंडीं लागणार नाहीं असा टाकून द्यावा. झांकण फुगलें नाहीं म्हणून मात्र तो निर्धोक ठरत नाहीं, कारण या विषास वास किंवा चव असेलच असें नाहीं. म्हणून वाटी विकत घेतांना झांकण किती घट्ट आहे हें पाहण्याआधीं, आंतील अन्न बंद केल्यावर कसें तापविलें आणि नंतर कोठें ठेवलें, हें विचारावें. ज्या विक्रेत्यास याचें उत्तर देतां येतें त्याच्या झांकणावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं.