क्लॅम्प का लावला जात नाही?

तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ इथल्या बल्क ड्रगच्या कारखान्यांतलं एक नेहमीचं काम म्हणजे टोल्युइनसारखं सॉल्व्हंट असलेल्या रिअ‍ॅक्टरमध्ये पावडर टाकणं. अजूनही अनेक ठिकाणी ती मॅनहोल उघडून हाताने टाकतात. सुरक्षित सवय कशी लागते आणि कशी सुटते, हे या एका कामावरून समजून घेता येतं.

टोल्युइनची वाफ साधारण 4 अंश सेल्सिअसपासूनच पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे बारा महिने. ड्रममधली पावडर प्लॅस्टिकच्या पिशवीतून सरसर घसरताना घर्षणाने स्थिर विद्युत साठते; थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं, तोच हा प्रकार. तिला वाहून जायला वाट मिळाली नाही, तर ठिणगी पडते. म्हणून रिअ‍ॅक्टर, लोखंडी ड्रम आणि अँटिस्टॅटिक बूट घातलेला माणूस, तिन्ही अर्थिंगला जोडलेले हवेत. ड्रम जोडायला अर्थिंगच्या वायरचा क्लॅम्प असतो. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीला क्लॅम्प लावून काही होत नाही, तिच्यावरचा चार्ज तिथेच राहतो. पिशवीच अँटिस्टॅटिक लागते. ऑक्सिजन कमी करण्यासाठी आत नायट्रोजन सोडतात खरा, पण मॅनहोल उघडलं की हवा आत शिरते. शिवाय आत डोकावणाऱ्याला नायट्रोजनचा वास येत नाही, तो सरळ बेशुद्ध पडतो.

हे सगळं ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं असतं. तरी क्लॅम्प लावायचा राहतो. बहुतेक वेळा कारण प्लॅटफॉर्मवरच सापडतं: वायर ड्रमपर्यंत पोहोचत नाही, क्लॅम्पची स्प्रिंग ढिली झालेली असते, किंवा बॅच उशिरा सुरू झालेली असते आणि वरून फोन येत असतात.

अशा वेळी सुपरवायझरने काम थांबवावं आणि विचारावं, “मामा, क्लॅम्प लावायला अडचण काय येते?” उत्तर निरीक्षणाच्या कार्डावर लिहावं, नाव मात्र लिहू नये. मग वायर लांब करून घ्यावी. त्याहून चांगलं म्हणजे अर्थिंग जुळल्याशिवाय काम सुरूच होणार नाही असा इंटरलॉक बसवावा. आणि जमत असेल तर बंद पाइपमधून पावडर आत जाण्याची सोय करावी, म्हणजे मॅनहोल उघडायलाच नको.

‘नियर मिस’चंही असंच आहे. थोडक्यात टळलेला अपघात सांगणाऱ्याला मेमो मिळाला, तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही. ‘शून्य अपघात’ झाल्यास बक्षीस, ही पद्धत मला घातक वाटते. तिच्यामुळे कापलेलं बोटसुद्धा लपवलं जातं. बक्षीस द्यायचंच तर सांगितलेल्या आणि दुरुस्त झालेल्या धोक्यांना द्यावं.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. तिने धोकादायक कारखान्यांत कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती आणली आणि जिवाला तातडीचा धोका दिसल्यास तो व्यवस्थापनाच्या कानावर घालण्याचा हक्क कामगाराला दिला. पण कायद्यात लिहून सवय लागत नाही. म्हणून सुपरवायझर मंडळींना विनंती एवढीच, की पुढच्या शिफ्टला प्लॅटफॉर्मवर जाल तेव्हा क्लॅम्पची वायर स्वतः ओढून ड्रमपर्यंत पोहोचते का ते बघा.