जुना कॉम्प्रेसर घेताय? आधी टाकी पाहा, मोटर नंतर

कपड्याच्या व्यापारात आमची तीस वर्षे गेली. थानावर हात फिरवला की माल कसा आहे, हे आम्हाला कळते. पण लोखंडाच्या सौद्यात आम्ही एकदा साफ फसलो. ती हकीकत व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडावी म्हणून आज सांगत आहोत.

भिवंडी-मालेगावसारख्या शहरांत अनेक तरुण घरातल्याच एका खोलीत शिलाईचे काम चालवतात. ओव्हरलॉक मशीनमध्ये अडकलेला रुवा उडवायला, टिचबटणाचे मशीन चालवायला, तयार मालावरचे डाग काढायला हवेचा कॉम्प्रेसर लागतो. नवा घेण्याची ऐपत नसते, म्हणून पावले जुन्या बाजाराकडे वळतात. त्यात गैर काही नाही. पण पाहायचे काय, हे ठाऊक हवे.

२०१४ साली आम्ही घरच्या कामासाठी दोन हॉर्सपॉवरचा, शंभर लिटर टाकीचा जुना कॉम्प्रेसर घेतला. निळा रंग चकचकीत, मोटरचा आवाज मऊ. विकणाऱ्याने चहा पाजला, आम्ही पैसे मोजले. तीन महिन्यांनी टाकीच्या बुडाशी जोडाजवळ बारीक छिद्र पडून हवा सुसू करू लागली. आम्ही ठिगळ मारायला वेल्डर बोलावला. शेजारच्या एका बुजुर्ग मिस्त्रींनी त्याला परत पाठवले. ते म्हणाले, "सेठ, छिद्र पडले हे तुमचे नशीब. ठिगळ माराल तर पुढच्या वेळी टाकी फाटेल." टाकी कापून पाहिली तेव्हा आतून बुडाचा पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. त्याच भिंतीपलीकडे आमची मुले झोपत होती.

त्याचे कारण सोपे आहे. हवा दाबली आणि ती थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते व ते टाकीच्या तळाशी साचते. खालचा कॉक उघडून ते रोज काढले नाही तर गंज आतून चढतो. बाहेरून काहीच दिसत नाही. विरळ कापडाला भारी खळ देऊन जाड भासवतात, तसाच हा ताजा रंग समजावा.

गेल्या महिन्यात आमच्या भाच्याने असाच एक सौदा ठरवत आणला. त्याची दोन वर्षांची बचत त्यात जाणार होती. म्हणाला, "मामू, मोटर एकदम नवी आहे." आम्ही म्हणालो, "बेटा, मोटर जळाली तर पैसे जातील. टाकी फाटली तर माणूस जाईल." मग मिस्त्रींना बरोबर घेऊन आम्ही तिघे गेलो. तिथे जे पाहिले ते क्रमाने देत आहोत.

पहिली गोष्ट टाकीची. हवा पूर्ण सोडून खालचा कॉक उघडला. थोडे पाणी आणि तेल आले तर हरकत नाही. तांबूस पाणी आणि गंजाच्या पापड्या आल्या तर सौदा तिथेच सोडावा. बुडाला वेल्डिंगचे ठिगळ असेल, किंवा दाब व साल लिहिलेली पट्टी काढलेली असेल, तरीही सोडावा. सगळे ठीक दिसले तरी पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यावी. टाकी पाण्याने भरून कामाच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब देतात. पाणी हवेसारखे दबत नाही, म्हणून टाकी कच्ची निघाली तर बहुधा फक्त गळते, स्फोट होत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात दाबाच्या यंत्रांसाठी ३१ वे कलम होते. पण घरातल्या खोलीत तपासनीस येत नाही. तिथे तपासनीस आपणच.

दुसरी गोष्ट हवेची. मशीन थंड असतानाच सुरू करायला सांगावे. रिकामी टाकी भरायला किती वेळ लागतो, तो घड्याळावर मोजावा. शंभर लिटरची टाकी सात किलो दाबापर्यंत भरली म्हणजे सुमारे सातशे लिटर हवा गेली. पाच मिनिटे लागली तर मिनिटाला १४० लिटर, म्हणजे जवळपास ५ सीएफएम. पट्टीवर याहून मोठा आकडा असतो, पण तो बहुधा पिस्टनच्या मापाचा असतो, हातात येणाऱ्या हवेचा नव्हे. दहा मिनिटे लागली तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेले समजावे.

तिसरी गोष्ट आमच्या धंद्याची. हवेच्या तोंडासमोर पांढऱ्या मलमलचा तुकडा मिनिटभर धरावा. त्यावर तेलाचे ठिपके उमटले तर तेच ठिपके उद्या गिऱ्हाइकाच्या मालावर उमटतील.

चौथी गोष्ट, भरल्यावर मशीन बंद करून अर्धा तास थांबावे. काटा खाली आला तर सांध्यांना साबणाचे पाणी लावून गळती शोधावी. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून हवा सुटते का, ठरलेल्या दाबाला मोटर आपोआप बंद होते का, हेही पाहावे. व्हॉल्व्हच्या जागी बूच मारलेले दिसले तर त्या दुकानात परत जाऊ नये.

भाच्याचा पहिला सौदा कॉक उघडताच संपला. पाणी विटकरी रंगाचे आले. दुसऱ्या ठिकाणी विकणाऱ्याने स्वतःच सांगितले, "रिंगा बदलाव्या लागतील, टाकी मात्र चांगली आहे." आम्ही बयाणा दिला आणि बाकी रक्कम पाण्याची चाचणी झाल्यावर देण्याचे कागदावर ठरवले. टाकी पास झाली. रिंगांचा खर्च किमतीतून वजा झाला. ऐब सांगून विकणाऱ्याकडून घेतलेला माल शेवटी स्वस्तच पडतो.

आता मशीन भाच्याने खोलीत न ठेवता मागच्या पडवीत ठेवले आहे. रोज संध्याकाळी काम संपले की तो तळाचा कॉक उघडतो. दोन मिनिटांचे काम आहे. आम्ही ते २०१४ साली केले नव्हते, आणि आमच्या आधीच्या मालकानेही केले नसावे.