नियम प्रोलॉगचे, धावपळ पायथॉनची

दारव्ह्याच्या कपाशीत गुलाबी बोंडअळीवर नजर ठेवायला कामगंध सापळे लावतात. सापळ्यात सलग 3 रात्री रोज 8 पतंग सापडले, किंवा 10 टक्के हिरवी बोंडं किडकी निघाली, की फवारणी सुचवतात. असा सल्ला देणारं ॲप करायचं, तर हे नियम कुठे लिहायचे?

माझ्या मते प्रोलॉगमध्ये. 1972 च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेयमध्ये घडलेल्या या भाषेत नियम फक्त मांडायचे. उत्तर शोधायचं काम ती करते. कृषितज्ज्ञाला नियम वाचून तपासता येतो, पातळी बदलली तर एखादी ओळच बदलते. फोटो, हवामानाचे आकडे, मोबाइलचा पडदा हे मात्र पायथॉन किंवा जावाकडे द्यावं. आयबीएमच्या वॉटसन या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या संगणकानेही 2011 च्या ‘जेपर्डी’ या प्रश्नमंजूषेच्या स्पर्धेसाठी जावा, सी++ यांच्या जोडीला प्रोलॉग वापरलं होतं.

खरी कसोटी दोन भाषांच्या सांध्यावर लागते. पायथॉनचं फंक्शन सहसा एक उत्तर देऊन मोकळं होतं. प्रोलॉग एकाच प्रश्नाला एकामागून एक उत्तरं देतं: आधी सापळ्यामुळे फवारा, मग बोंडांमुळे फवारा. काहीच जुळलं नाही, तर ‘नाही’. हे ‘नाही’ फार जपून वाचावं लागतं. सापळ्याची नोंदच पोचली नसेल, तरी उत्तर तेच येतं. म्हणून ‘फवारणीची गरज नाही’ असा निरोप शेतकऱ्याला धाडण्याआधी तिन्ही रात्रींच्या नोंदी आल्या आहेत का, हे पायथॉनने तपासायलाच हवं.